रोमन साम्राज्याच्या रौप्यमुद्रा : प्रतीकांची पारख

विसुद्धिमग्गाच्या चौदाव्या परिच्छेदात आचार्य बुद्धघोषांनी सञ्ञा, विञ्ञाण आणि पञ्ञा या तिन्हींतील भेद समजावून देण्यासाठी एक साधी उपमा योजली आहे. सराफाच्या फळीवर कार्षापणांची रास पडलेली आहे. ती तिघेजण पाहतात : एक अजाण बालक, एक गावकरी आणि एक हेरञ्ञिक, म्हणजे नाण्यांचा पारखी. बालकाला नाणी चित्रविचित्र, लांबट, चौकोनी वा गोल आहेत एवढेच कळते. गावकऱ्याला त्यापुढची गोष्ट ठाऊक असते. या वस्तूंना लोक मोलाच्या मानतात आणि त्यांनी व्यवहार होतो, हे तो जाणतो. पण यांतले खरे कोणते, खोटे कोणते आणि अर्ध्या कसाचे कोणते, हे केवळ पारखी सांगू शकतो. तो नाणे डोळ्यांनी पाहतो, वाजवून ऐकतो, हुंगतो, चाखतो, हातात तोलतो. ते कोणत्या गावी, कोणत्या कारागिराने घडविले, हेही तो ओळखतो.

ही उपमा आम्ही आजवर अभिधम्माच्या वर्गात अनेक वेळा शिकविली आहे. प्राचीन रोमन साम्राज्याच्या रौप्यमुद्रांचे, म्हणजे ‘देनारिअस’ नावाच्या चांदीच्या नाण्यांचे अध्ययन करू लागलो, तेव्हा ती नाणकशास्त्रालाही तंतोतंत लागू पडते असे आमच्या लक्षात आले. या नाण्यांवरील प्रतीकांविषयी जे लिहिले जाते, त्यातले पुष्कळसे बालकाच्या पायरीवरचे असते. काही गावकऱ्याच्या पायरीपर्यंत पोचते. पारख्याच्या पायरीवरचे लेखन मात्र विरळा. प्रस्तुत लेखात या तिन्ही पायऱ्यांनी त्या प्रतीकांची समीक्षा करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

पालीच्या अभ्यासकाने रोमच्या नाण्यांकडे का वळावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे एक उत्तर भाषेतच आहे. आपल्याकडील ‘दीनार’ हा शब्द त्या ‘देनारिअस’वरूनच आला. सांची येथील गुप्तकालीन शिलालेखात (गुप्त संवत् ९३, म्हणजे इ.स. ४१२-१३) काकनादबोट महाविहारातील भिक्खूंच्या भोजनासाठी आणि दिव्यासाठी २५ दीनारांचे दान नोंदलेले आहे. तोवर त्या शब्दाचा अर्थ पालटून तो सोन्याच्या नाण्यासाठी रूढ झाला होता. तरी रोमच्या टांकसाळीतला शब्द भिक्खुसंघाच्या दानपत्रापर्यंत पोचला, ही गोष्ट लहान नाही. दुसरे उत्तर विनयात आहे. महावग्गातील बालक उपालीच्या कथेत त्याचे आईवडील मुलाने कोणती विद्या शिकावी याचा विचार करतात. लेखन शिकला तर बोटे दुखतील, गणित शिकला तर छाती दुखेल, ‘रूप’ शिकला तर डोळे दुखतील. अट्ठकथेच्या मते येथे ‘रूप’ म्हणजे नाण्यांची विद्या, कारण ती शिकणाऱ्याला असंख्य कार्षापण उलटसुलट करून पाहावे लागतात. डोळे दुखेपर्यंत पाहिल्यावाचून ही विद्या येत नाही, असा त्याचा अर्थ.

बालकाची दृष्टी : काय कोरले आहे?

देनारिअस हे नाणे रोममध्ये इ.स.पू. २११ च्या सुमारास, कार्थेजशी चाललेल्या दुसऱ्या युद्धाच्या धामधुमीत सुरू झाले. ‘दहाचा’ असा त्याच्या नावाचा अर्थ, कारण आरंभी ते काशाच्या दहा ‘अस’ नाण्यांबरोबरीचे होते. गणराज्याच्या काळात त्यावर प्रायः देवता आणि नाणी पाडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या पूर्वजांचे पराक्रम दिसत. जिवंत रोमन माणसाचा चेहरा रोमच्या नाण्यावर प्रथम आला तो इ.स.पू. ४४ मध्ये, ज्यूलिअस सीझरचा. त्याच वर्षी मार्चच्या मध्यास त्याची हत्या झाली.

त्या हत्येचा सूत्रधार ब्रूटस याने पुढे इ.स.पू. ४३-४२ मध्ये पाडलेले नाणे प्रसिद्ध आहे. दोन खंजीर, त्यांच्यामध्ये एक टोपी आणि खाली हत्येच्या तिथीचा उल्लेख असे त्याचे स्वरूप आहे. इतिहासकार कॅसिअस डिओ यानेही या नाण्याची नोंद केली आहे. ती टोपी ‘पिलेउस’ होय. गुलामाला मुक्त केल्यावर तो ही टोपी घालीत असे, म्हणून ती स्वातंत्र्याचे चिन्ह ठरली. बालक एवढे पाहून थांबेल आणि म्हणेल, हे स्वातंत्र्याचे नाणे. पण नाणे उलटून पाहावे. दुसऱ्या बाजूस खुद्द ब्रूटसचा चेहरा आहे. ज्या माणसाने स्वतःचा चेहरा नाण्यावर कोरविला त्याला हुकूमशहा म्हणून मारणाऱ्याने दोन वर्षांच्या आत आपलाही चेहरा कोरविला. आणि ज्या टोपीने तो सरदारवर्गाचे स्वातंत्र्य सांगत होता ती टोपी गुलामांची होती. त्या वर्गाच्या घरी आणि शेतावर गुलाम राबतच होते. दास्यात असलेल्यांचे चिन्ह उसने घ्यायचे आणि दास्य मात्र तसेच ठेवायचे, ही प्रतीकांच्या इतिहासातील जुनी रीत आहे. आमच्या वाचकांना ती निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

ऑगस्टसपासून पुढे चेहरा हा नाण्याचा कायमचा धनी झाला. मागच्या बाजूस मात्र चित्रांची मोठी मालिका आढळते : इजिप्त जिंकल्याची मगर, नागरिकांचे प्राण वाचविल्याबद्दलचे ओकच्या पानांचे वर्तुळ, पंख पसरलेली विजयदेवता, हातात हात, तराजू, धान्याने भरलेले शिंग. ही केवळ यादी झाली. ती पाठ केल्याने विद्वत्तेचा भास होतो, ज्ञान होत नाही.

गावकऱ्याची दृष्टी : राज्य काय सांगू पाहते?

दुसऱ्या पायरीवरचा अभ्यासक म्हणतो, ही चित्रे म्हणजे राज्याने प्रजेला पाठविलेले निरोप आहेत. वृत्तपत्रे नव्हती तेव्हा नाणे हेच सम्राटाचे वृत्तपत्र होते. हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे की ते स्वयंसिद्ध वाटू लागले. पण त्याला आक्षेपही घेतले गेले आहेत. ए. एच. एम. जोन्स यांनी १९५६ साली नाण्यांवरील चित्रांची तुलना टपाल तिकिटांशी करून, ती कोणी लक्षपूर्वक पाहत होते काय, असा खोचक प्रश्न विचारला. बार्बरा लेव्हिक यांनी १९८२ मध्ये निराळाच तर्क मांडला. त्यांच्या मते ही चित्रे प्रजेसाठी नसून टांकसाळीच्या अधिकाऱ्यांनी सम्राटाला प्रसन्न करण्यासाठी योजलेली असावीत. कार्लोस नोरेन्या यांनी २००१ मध्ये जमिनीत सापडलेल्या साठ्यांतील हजारो देनारिअस मोजून सम्राटाचे कोणते गुण किती वेळा येतात याचा हिशेब मांडला. त्यात ‘एक्वितास’ हा गुण अग्रस्थानी आला.

आमच्या मते जोन्स यांचा आक्षेप अर्धाच खरा आहे. चित्र प्रत्येकाने पाहिले नसेल, पण राज्याने ते निवडले होते हे निश्चित. राज्य स्वतःला कोणत्या रूपात पाहू इच्छीत होते, एवढे तरी त्यातून कळते. आणि येथेच भाषांतराचा एक धोका उभा राहतो. तो आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावा अशी विनंती आहे.

रोमच्या रौप्यमुद्रांवर स्त्रीरूपात येणाऱ्या तीन देवता पाहा : ‘लिबेर्तास’, ‘एक्वितास’ आणि ‘कॉन्कॉर्दिया’. पहिलीच्या हाती तीच मुक्त गुलामाची टोपी, दुसरीच्या हाती तराजू, तिसरीच्या हाती अर्पणपात्र, किंवा तिच्या नावाखाली नुसतेच जुळलेले दोन हात. घाईने भाषांतर करणारा लेखक सहज लिहून जाईल : स्वातंत्र्य, समता, बंधुता. आणि मग दोन हजार वर्षांपूर्वीच रोमने या तत्त्वत्रयीचा घोष केला, असा निष्कर्ष निघायला वेळ लागणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून उसनी घेतली नसून बुद्धाच्या शिकवणीतून घेतली असल्याचे स्पष्ट केले होते. शब्दांचे मूळ आणि शब्दांचा आशय यांविषयी ज्या परंपरेने एवढी दक्षता शिकविली, त्या परंपरेतील अभ्यासकाने अशी गफलत करू नये.

भेद कोठे आहे? तो व्याकरणात आहे. देवतेच्या नावापुढे बहुधा तीन अक्षरे येतात, ‘ऑगस्टसची’ अशा अर्थाची. एकाहून अधिक सम्राट एकाच वेळी राज्य करीत असले की शेवटचे अक्षर दोनदा लिहिले जाते. पालीच्या विद्यार्थ्याला छट्ठी विभत्तीचे महत्त्व सांगायला नको. गुण कोणाचा, हे ती विभक्ती सांगते. तराजूवाली ‘एक्वितास’ ही माणसामाणसांतील समता नव्हे. ती सम्राटाच्या ठायी असलेली न्याय्य मोजणी आहे. तो देणारा, प्रजा घेणारी. ‘कॉन्कॉर्दिया’ ही बंधुता नव्हे, ती राजघराण्यातील वा सैन्यातील एकजूट आहे. इ.स. ६८ मध्ये नीरोच्या पतनानंतर गाल्बाने ‘लोकांचे स्वातंत्र्य’ असे शब्द नाण्यावर घातले हे खरे, पण ते ‘लोक’ म्हणजे रोमन नागरिक होते. त्यांच्या घरातील दास त्या शब्दात येत नव्हते. गुण एका माणसाच्या मालकीचा झाला की तो हक्क राहत नाही, ती कृपा होते.

पारख्याची दृष्टी : खरे, खोटे आणि अर्ध्या कसाचे

आता तिसरी पायरी. चित्राने जे सांगितले ते घटनेशी आणि धातूशी ताडून पाहणे, हे पारख्याचे काम.

प्रथम घटना. इ.स.पू. २० मध्ये पार्थियाचा राजा फ्राटिस याने पूर्वीच्या युद्धांत जिंकलेली रोमन सैन्याची निशाणे परत केली. ती वाटाघाटींनी परत आली, रणांगणावर नव्हे. पण दुसऱ्याच वर्षी रोमच्या देनारिअसवर एक पार्थियन माणूस गुडघा टेकून निशाण पुढे करताना दिसतो. झालेला करार शरणागती म्हणून कोरला गेला.

आणखी एक उदाहरण. इ.स. २०२ मध्ये कॅराकॅला आणि प्लॉटिला यांचा विवाह झाला. त्या प्रसंगीच्या नाण्यांवर दोघे हातात हात घालून उभे आहेत आणि शाश्वत एकोप्याची ग्वाही दिलेली आहे. इ.स. २०५ मध्ये तिच्या पित्याचा वध झाला, तिला हद्दपार केले गेले आणि कॅराकॅला सत्तेवर एकटा येताच तिलाही ठार करण्यात आले. व्हलेरिअन सम्राटाच्या नाण्यांवर त्याला ‘जगाचा पुनरुद्धारक’ म्हटले आहे. इ.स. २६० मध्ये तो इराणच्या शापूर राजाच्या हाती जिवंत सापडला. सैन्याच्या निष्ठेची ग्वाही देणारी नाणी तर विशेषकरून पडली ती इ.स. ६८-६९ च्या यादवीत, जेव्हा त्या निष्ठेचा काहीच भरवसा उरला नव्हता. यावरून आम्ही एक नियम सुचवितो : नाण्यावर ज्या गुणाचा गजर अधिक, त्या गुणाची चणचण त्या वेळी नव्हती ना, हे आधी तपासावे. हा नियम सर्वत्र लागू पडेल असे नाही, पण तपासण्याची सवय मात्र सर्वत्र उपयोगी पडेल.

आता धातू. ऑगस्टसच्या काळी एक रोमन रत्तल चांदीतून ८४ देनारिअस पाडले जात. नीरोने इ.स. ६४ मध्ये ही संख्या ९६ केली आणि चांदीत तांबेही मिसळले. डोमिशियनने इ.स. ८२ मध्ये कस जवळजवळ पूर्ण शुद्धतेपर्यंत नेला, पण तीनच वर्षांत त्याला माघार घ्यावी लागली. सेप्टिमिअस सेवेरसने इ.स. १९४-१९५ च्या सुमारास चांदीचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आणले. याच सम्राटाच्या देनारिअसवर तराजू घेतलेली ‘एक्वितास’ उभी आहे. टांकसाळीची देवता ‘मोनेता’ हीदेखील तोच तराजू आणि तेच धान्याचे शिंग घेऊन येते. शेजारची अक्षरे झाकली तर दोघींत भेद करणे अवघड. म्हणजे ज्या वेळी तराजूचे एक पारडे रिकामे होत होते, त्याच वेळी नाण्यावर तराजू समतोल दाखविला जात होता.

पुढे इ.स. २१५ मध्ये कॅराकॅलाने एक नवे नाणे काढले. त्यावर सम्राटाच्या मस्तकी सूर्यकिरणांचा मुकुट असे. ते दोन देनारिअसच्या मोलाने चालविले जाई असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वजन मात्र दीड देनारिअसच्या जवळपास होते. इ.स. २६८-२७० पर्यंत या नाण्यात शंभर भागांत चार-पाच भागही चांदी उरली नाही. ते वस्तुतः चांदीचा हात दिलेले तांबे होते. सम्राटाच्या मस्तकावरचे किरण मात्र एकानेही कमी झाले नाहीत.

वरवरच्या चांदीविषयी एक तांत्रिक बाब येथे नमूद करण्याजोगी आहे. तांबेमिश्रित चकती तापवून आम्लात बुडविली की पृष्ठभागावरचे तांबे निघून जाते आणि वर शुभ्र चांदीचा थर राहतो. त्यामुळे नाणे आतून असते त्याहून बाहेरून शुद्ध दिसते. पूर्वीच्या संशोधकांनी केवळ पृष्ठभाग तपासल्याने त्यांचे आकडे फसले. केविन बुचर आणि मॅथ्यू पाँटिंग यांनी नाण्याच्या गाभ्यातील धातू तपासून २०१४ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले, तेव्हा कित्येक नाण्यांचा खरा कस उघड झाला. आमच्या दृष्टीने ही या साऱ्या विषयाची गुरुकिल्लीच आहे. पृष्ठभाग पाहणारा फसतो, मग तो धातूचा असो वा चित्राचा.

या घसरणीचा भार कोणावर पडला? मत्तयकृत शुभवर्तमानातील दृष्टांतकथेत द्राक्षमळ्यातील मजुराची दिवसाची मजुरी एक देनारिअस आहे. डायोक्लेशनच्या इ.स. ३०१ च्या दरनियमनाच्या फर्मानात शेतमजुरासाठी जेवणासह दिवसाला २५ देनारिअस ही कमाल मर्यादा आहे. एक कथा आणि एक फर्मान यांची तुलना ढोबळच म्हटली पाहिजे. तरी आकडा पंचवीस पटींनी फुगला आणि मजूर मजूरच राहिला, एवढे त्यातून दिसते. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात बाबासाहेबांनी नाण्याच्या क्रयशक्तीच्या स्थैर्याला एवढे महत्त्व का दिले, हे रोमच्या या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. चलनाची किंमत घसरते तेव्हा ज्याच्याजवळ जमीन वा सोने आहे तो तग धरतो. हातावर पोट असणाऱ्याजवळ नाण्यावाचून दुसरे काही नसते.

चित्राच्या तळाशी कोण आहे?

प्रतीकांच्या समीक्षेत चित्राच्या मध्यभागी कोण आहे हे सर्व जण पाहतात. तळाशी कोण आहे आणि चित्रात कोण नाही, हेही पाहिले पाहिजे.

इ.स. ७० मध्ये जेरुसलेम पडल्यानंतर व्हेस्पेशियनच्या देनारिअसवर विजयस्तंभाखाली एक स्त्री जमिनीवर बसून शोक करताना दिसते. खाली देशाचे नाव आहे. डेशियाच्या युद्धानंतर ट्राजनच्या नाण्यांवर पराजित डेशियन माणूस शस्त्रांच्या ढिगावर मान खाली घालून बसलेला आहे. हेड्रियनच्या काळात सूर बदलतो. त्याच्या नाण्यांवर प्रांत शोकमग्न नाहीत. सम्राट गुडघे टेकलेल्या स्त्रीला हात देऊन उठवीत आहे. हा बदल खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पण ती स्त्री गुडघे टेकूनच आहे, आणि उठविणारा हात एकाचाच आहे, हेही तितकेच खरे.

आता जो चित्रात नाहीच, त्याच्याविषयी. ही चांदी आली कोठून? स्पेनमधील कार्थागो नोव्हाच्या खाणींत चाळीस हजार माणसे राबत असल्याचे पॉलिबिअसने लिहिल्याचे स्ट्राबो सांगतो. स्पेनमधील खाणींत रात्रंदिवस जमिनीखाली राबून मरणाऱ्या गुलामांचे वर्णन डायोडोरसने केले आहे. मरण त्यांना जगण्याहून बरे वाटे, असा त्याचा आशय आहे. रोमच्या टांकसाळीतील कारागीरही बहुतांशी गुलाम वा मुक्त केलेले गुलाम होते. इ.स.पू. ४६ च्या एका देनारिअसवर नाणी पाडण्याची हत्यारे कोरलेली आहेत : हातोडा, सांडशी, ऐरण. हत्यारांना लॉरेलच्या पानांची माळ मिळाली. ती धरणारे हात मात्र त्या चांदीवर उमटले नाहीत.

भारताने दिलेले उत्तर

रोमची चांदी भारतात मोठ्या प्रमाणावर आली. दक्षिण भारतातील साठ्यांत ऑगस्टस आणि टायबेरिअस यांचेच देनारिअस बहुसंख्य आहेत. भरुकच्छच्या बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक चलनाशी बदलून घेण्यात नफा होतो, असे ‘पेरिप्लस’च्या लेखकाने नोंदविले आहे. त्याच ग्रंथात पैठण आणि तेर येथून भरुकच्छकडे जाणाऱ्या मालाचा उल्लेख येतो. या नाण्यांवरच्या प्रतीकांकडे येथील लोकांनी कसे पाहिले?

प्लिनीने सिंहलद्वीपाची एक कथा दिली आहे. क्लॉडिअसच्या काळी एका रोमन करवसुली ठेकेदाराचा मुक्त गुलाम वाऱ्याने भरकटत त्या बेटावर पोचला. त्याच्याजवळचे देनारिअस पाहून तेथील राजा प्रभावित झाला. नाण्यांवरील चेहरे निरनिराळे, म्हणजे ती निरनिराळ्या माणसांनी पाडलेली, आणि तरीही वजन सर्वांचे सारखे, हे पाहून त्याला रोमनांच्या सचोटीची खात्री पटली. कथा रोमची स्तुती करण्यासाठी सांगितली आहे हे उघड आहे. पण तीत एक मर्म आहे. राजाने चेहऱ्यांवर विश्वास ठेवला नाही, वजनावर ठेवला. तो हेरञ्ञिकाप्रमाणे वागला. आणि ज्या समान वजनाने तो भारावला, ते वजन क्लॉडिअसच्या पाठोपाठ आलेल्या नीरोनेच घटविले.

भारतात सापडलेल्या पुष्कळ रोमन नाण्यांवर सम्राटाच्या मस्तकावर छिन्नीचा घाव घातलेला आढळतो. पुदुकोट्टै येथे १८९८ साली सापडलेल्या ५०१ सुवर्णमुद्रांपैकी बहुतेकांची हीच अवस्था आहे आणि आंध्र-तेलंगणाच्या भागातील चांदीच्या नाण्यांवरही असे घाव आहेत. यामागे चेहऱ्याचा अधिकार रद्द करण्याचा हेतू होता, की नाणे चलनातून काढून केवळ धातू म्हणून वापरण्याचा, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. कोणताही पक्ष घेतला तरी एक गोष्ट उरते : धातू स्वीकारला गेला, चेहरा स्वीकारला गेला नाही. आपल्या महाराष्ट्रातही असेच एक दृश्य दिसते. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली आहेत. क्षत्रपाच्या चेहऱ्यावर डोंगराचे चिन्ह उमटले. नाणे तेच, चांदी तीच, दावा मात्र बदलला.

विनयातील एक व्याख्या या संदर्भात फार अर्थपूर्ण आहे. निस्सग्गिय पाचित्तियाच्या अठराव्या नियमात भिक्खूला सोने-चांदी स्वीकारण्यास मनाई आहे. तेथील ‘रजत’ या शब्दाच्या स्पष्टीकरणात कार्षापण, तांब्याचा मासा, लाकडाचा मासा आणि लाखेचा मासा हे सर्व येतात, कारण ते व्यवहारात चालतात. धातू कोणता, चित्र कोणाचे, याला तेथे महत्त्व नाही. याउलट शुभवर्तमानातील प्रसिद्ध प्रसंगात कराचे नाणे हाती घेऊन, यावर चित्र आणि लेख कोणाचा, असे विचारले जाते, आणि ज्याचे चित्र त्याला ते द्यावे असे उत्तर निघते. एका परंपरेत नाण्याची ओळख त्यावरील चेहऱ्याने होते, दुसरीत लोकव्यवहाराने. आम्हाला दुसरी व्याख्या अधिक खोल वाटते, कारण ती नाण्याला राजाच्या हातून काढून लोकांच्या हाती ठेवते.

आपल्याच घरातील एक सावधगिरी

एवढे सगळे रोमविषयी लिहून थांबणे सोपे होते. पण जी कसोटी परक्यांना लावली ती आपल्यालाही लावली पाहिजे. कनिष्काच्या काही नाण्यांवर ग्रीक लिपीत ‘बोद्दो’ हे नाव आणि अभयमुद्रेतील बुद्धाची उभी मूर्ती आहे. आपल्या नियतकालिकांतून या नाण्याचे चित्र अनेक वेळा अभिमानाने छापले जाते. अभिमान असावा. मात्र त्यावरून कनिष्काचे राज्य धम्मराज्य होते असा निष्कर्ष काढणारा लेखक बालकाच्या पायरीवरच उभा असतो. त्याच कनिष्काच्या नाण्यांवर नना, मिथ्र, ओएशो अशा इतर देवताही आहेत, आणि बुद्धाच्या नाण्यांहून त्यांची संख्या कितीतरी अधिक आहे. त्याचा पूर्वज कुजुल कडफिसेस याने तर रोमन सम्राटाच्या चेहऱ्याची हुबेहूब नक्कल आपल्या तांब्याच्या नाण्यावर उतरविली होती. प्रतीके उसनी घेण्याची कला कुषाणांना चांगली अवगत होती. बुद्धाची मूर्ती नाण्यावर आली, म्हणजे बुद्धाचा अनुयायीवर्ग राजाने दुर्लक्षू नये एवढा मोठा होता, इतके निश्चित म्हणता येते. आमच्या मते यात गौरवाची हानी नाही. राजाच्या कृपेपेक्षा लोकांचे बळ हा अधिक मोठा पुरावा होय.

रोमच्या रौप्यमुद्रा सुंदर आहेत. त्यांवरील कोरीव कामाची सफाई नाकारण्याचे कारण नाही. पण सौंदर्य हा त्यांचा एक गुण आहे, सत्य हा निराळा. त्या आपल्याला शिकवितात ते एवढेच की शांती, न्याय, एकोपा, स्वातंत्र्य हे शब्द सत्तेला नेहमीच हवेसे वाटतात आणि चांदीवर कोरायला त्यांना फारशी जागा लागत नाही. आपणही आज प्रतीकांच्या गर्दीत राहतो. चौकातील फलकांवर, निवडणुकीच्या पत्रकांवर, सरकारी जाहिरातींवर आपल्याच परंपरेची चिन्हे आणि आपल्याच महापुरुषांची चित्रे वारंवार दिसतात. ती पाहून मन भरून येणे स्वाभाविक आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. नाणे उलटून पाहावे, वाजवून पाहावे, तळहातावर तोलावे. त्यावरील गुण कोणाच्या षष्ठी विभक्तीत आहे ते वाचावे. तळाशी कोण बसले आहे आणि कोणाचे हात दिसत नाहीत, हे विचारावे. उपालीच्या आईवडिलांना मुलाच्या डोळ्यांची काळजी वाटली, ती रास्तच होती. तथापि आमच्या पिढीने थोडे डोळे दुखवून घेतले तर चालेल.